बिनटाळ्यांचा अल्बम

गोरक्षच्या पिंडाला कावळा शिवला तो अकराव्या सेकंदाला. हा आकडा अंदाजपंचे नाही. शांतवनने रेकॉर्डर आधीच चालू करून ठेवला होता, त्यात तो मोजता येतो. चुलतभाऊ कानिफनाथने, नुकत्याच भादरलेल्या डोक्यावरून पाणी निथळत असताना, पिंड दगडावर ठेवला. "मागं व्हा रे समदे, जागा द्या," असं कुणीतरी म्हणालं, आणि मंडळी मागे होण्याच्या आत कावळा येऊन बसलासुद्धा. आधी त्याने शेजारचं क्रीमचं बिस्कीट उचललं, मग शिस्तीत भाताच्या गोळ्यात चोच घातली. असा वक्तशीर कावळा मुळा नदीच्या त्या घाटावर कुणीच पाहिला नव्हता.

"सुटला गं बाई माझा राजा," बायकांतून आवाज आला.

"काय इच्छाच न्हाई राह्यली पोराची. पुण्यवान जीव."

मांडवात प्रवचन चालू होतं. महाराजांनी ते थांबवलं आणि कावळ्याकडे बोट करून वासनामुक्तीवर आणखी दहा मिनिटं घेतली. खरी अडचण झाली ती माजी सभापतींची. कावळा अडला की पिंडासमोर जाऊन "गोरक्ष, तुझ्या नावाची कमान गावाच्या वेशीवर उभी करतो" असा शब्द द्यायचा, हे त्यांनी गाडीतच ठरवलं होतं. त्यासाठी ते खुर्चीतून अर्धे उठलेही होते. ते परत बसले. गावाची कमान अकरा सेकंदांनी हुकली.

पण सगळ्यात मोठी पंचाईत आदिनाथची झाली. त्याच्या शर्टाच्या खिशात चार ओळींचा कागद होता, आणि कावळ्याने निदान अर्धा तास तरी अडून बसावं म्हणून तो पहाटेपासून मनातल्या मनात हात जोडत होता.

आता यात चमत्कारिक काय, तर सगळंच. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

गोरक्ष, आदिनाथ आणि शांतवन या तिघांची मिळून 'लोस मुळाकाठ' नावाची लॅटिन रॉक पार्टी होती. राहुरी तालुक्यातली एकमेव. जिल्ह्यातलीही एकमेव असावी, पण जामखेडकडचं खात्रीनं सांगता येत नाही. सात वर्षांपूर्वी कृषी विद्यापीठात मक्यावर कसलीशी परिषद भरली होती. तिला मेक्सिकोहून एक जाडजूड पाहुणा आला. त्याला तीन दिवस फिरवायला गोरक्षची भाड्याची गाडी लावली होती. पाहुणा गेला, पण त्याचा पेनड्राइव्ह गाडीच्या टेपमध्ये राहिला. गोरक्षने इमानदारीत फोन करून कळवलं. पाहुणा पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलला आणि मोठ्यांदा हसला. गोरक्षने त्याचा अर्थ 'ठेव तुलाच' असा घेतला.

पेनड्राइव्हमध्ये एकशे बारा गाणी होती. पुढची दोन वर्षं गोरक्षच्या गाडीत दुसरं काही वाजलं नाही. शनिशिंगणापूरला निघालेली कुटुंबंच्या कुटुंबं ट्रम्पेट ऐकत गेली आणि तेल वाहून ट्रम्पेट ऐकत परत आली.

मग त्याने सेकंडहँड बेस गिटार आणली. आदिनाथला मोबाईलवर बघून साधी गिटार शिकायला लावली. शांतवन मिशन कंपाउंडमधला, शाळेत शिक्षक. नाताळात चर्चमध्ये ढोलक वाजवायचा. त्याच्या मांडीवर बोंगो नावाच्या दोन डमरूच्या थोरल्या बहिणी ठेवल्या. गाणी गोरक्षच लिहायचा, निम्मी मराठीत, निम्मी स्पॅनिशमध्ये. एका वहीत त्याने चाळीस स्पॅनिश शब्द उतरवून घेतले होते. त्यांतल्या चौदांचा अर्थ त्याला ठाऊक होता. बाकीचे सव्वीस तो विश्वासाने म्हणायचा.

तालीम गोरक्षच्या आईच्या, म्हणजे बनुबाईच्या कांद्याच्या चाळीत व्हायची. कांद्याइतका शांत श्रोता मिळणं अवघड, पण दिवाळीपर्यंत सगळे श्रोते विकले जायचे. माणसांपुढे म्हणाल तर पार्टी एकूण दोनदा वाजली. एकदा लग्नात, तिथं पहिल्याच गाण्यात वरपक्षाने हात जोडले. दुसऱ्यांदा गणपतीच्या स्पर्धेत, तिथं उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, पण ते भजनी गटात.

तरी गोरक्षला अल्बम करायचा होता, आणि तोही लोकांसमोर बसून, एका दमात, जसाच्या तसा.

"स्टुडिओत काय, कुनीबी गाईल," तो म्हणायचा. "मानसांपुढं गायचं आद्या. त्यांच्या खोकल्यासगट घ्यायचं रेकॉर्डिंग. गानं संपल्यावर टाळ्या पडत्यात ना, त्यो पन गान्याचाच भाग असतो."

"आणि नाही पडल्या तर?"

"तर तेबी येऊ दे. खोटं कशाला करायचं?"

बऱ्याच खटपटीनंतर भंडारदऱ्याच्या एका रिसॉर्टवाल्याने होकार दिला. रविवार ठरला, धरण बघायला येणारे पर्यटक ठरले. त्या रविवारी सकाळी आदिनाथने राहुरीच्या स्टँडवरून गोरक्षला मेसेज केला. 'मला जमणार नाही. सुप्याच्या कंपनीत नोकरी लागतीये. आपण बत्तीस वर्षांचे झालोय. आता हे खेळ पुरे कर.'

दोन टिक आल्या. निळ्या झाल्या. उत्तर आलं नाही.

आदिनाथनेही मग फोन केला नाही. आधी राग होता म्हणून, मग लाज वाटली म्हणून, मग आता इतके दिवस झाले तर एकदम काय बोलायचं म्हणून. नवव्या दिवशी सकाळी शेतीची लाईट आली, गोरक्ष मोटर चालू करायला विहिरीवर गेला, आणि स्टार्टरची पेटी ओली होती.

मेसेज अजून तिथंच आहे. खाली काही नाही.

गोरक्ष गेल्याच्या चौथ्या दिवशी शांतवन आदिनाथला घेऊन बनुबाईकडे गेला. ती ओट्यावर बसली होती. घरातली पंख्याची वायर तिने उपटून अंगणात टाकली होती.

"मावशी, दहाव्याला आम्ही वाजवावं म्हणतो," शांतवन म्हणाला. "गोरक्षची गाणी. आणि रेकॉर्ड पण करावं."

बनुबाईने अंगणातल्या वायरीकडे पाहिलं. "वाजवा. पर वायर नको. वायरीचं काईबी माज्या पोराच्या जवळ आनायचं न्हाई."

"नाही आणत. नुसती लाकडाची गिटार आणि बोंगो. त्याला अकूस्टिक म्हणतात मावशी."

"काय म्हनायचं ते म्हना. वायर नको."

बाहेर आल्यावर आदिनाथ म्हणाला, "शांत्या, दहाव्याला लॅटिन रॉक? येडा झाला काय? गाव मारील."

"हे बघ. हजार माणूस येणार, खुर्चीवर बसणार. आणि दहाव्यातून मध्येच कुणी उठून जात नाही, वाईट दिसतं. असा प्रेक्षक जगात कुठल्या पार्टीला मिळालाय? त्याला हेच पाहिजे होतं ना?"

"त्याला मी पाहिजे होतो. भंडारदऱ्याला."

शांतवनला मेसेजचं ठाऊक होतं. त्या रविवारी तो आणि गोरक्ष दोघंच रिसॉर्टवर बोंगो आणि बेस घेऊन पाऊण तास बसून होते.

तेव्हापासून आदिनाथच्या डोक्यात एकच गणित चाललं होतं. गोरक्ष रागावून गेला असेल, तर कावळा अडेल. कावळा अडला की लोक एकेक करून पुढे येतील आणि शब्द देतील, आईला सांभाळतो म्हणतील, शेत पडू देत नाही म्हणतील. कावळा ढिम्म राहील. मग शेवटी आपण जायचं, खिशातला कागद काढायचा आणि म्हणायचं, 'गोरक्ष, अल्बम करतो. आजच, इथंच.' आणि कावळा येईल. म्हणजे गोरक्ष रागावलेला होता हे कळेल, पण आपली वाट बघत होता हेही कळेल. एवढं कळलं तरी पुष्कळ होतं.

आणि तो गडी आला अकराव्या सेकंदाला. गोरक्षची काही म्हणजे काही इच्छा राहिली नव्हती. अल्बमची नाही, आदिनाथची नाही, कशाचीच नाही.

"मी चाललो," आदिनाथ म्हणाला.

"कुठं?" शांतवनने त्याची बाही धरली.

"कशाला वाजवायचं आता? तो गेला निवांत."

"तो गेला असेल निवांत. मी नाही ना. बस खाली."

सूत्रसंचालन गहिनीनाथ गुरुजींकडे होतं. तालुक्यातल्या दहाव्यांमध्ये त्यांचा शब्द शेवटचा. त्यांचा नियम असा की एका संस्थेतर्फे एकानेच श्रद्धांजली वाहायची, आणि तीही तीन मिनिटांत. गाणी होती सहा. शांतवनने यावर तोडगा काढला होता. त्याने गुरुजींना सहा संस्थांची यादी दिली होती.

"यानंतर," गुरुजी माइकवर म्हणाले, "लोस मुळाकाठ या आंतरराष्ट्रीय संस्थेतर्फे श्रद्धांजली वाहतील श्री. आदिनाथ व श्री. शांतवन."

मांडवात कुजबुज झाली. दोघं पुढे जाऊन सतरंजीवर बसले. कुणीतरी माइक पुढे सरकवला, तेव्हा आदिनाथने बायकांकडे पाहिलं. बनुबाई पुढच्याच रांगेत होती, तिची नजर माइकच्या वायरीवर. त्याने माइक उचलून लांब ठेवला. मागच्या खुर्च्यांवरची माणसं ऐकू येईना म्हणून पुढे वाकली. हजार माणसं एका गिटारकडे वाकली आहेत, असा प्रकार 'लोस मुळाकाठ'च्या इतिहासात पहिल्यांदाच घडत होता, आणि तो बघायला पार्टीचा मालकच नव्हता.

पहिलं गाणं संपलं. टाळी पडली नाही. पडणारच नव्हती, दहाव्याला कोण टाळ्या वाजवतो? लोकांनी हात जोडले. हजार माणसं हात जोडतात तेव्हा बांगड्यांचा आणि शर्टाच्या बाह्यांचा एक बारीकसा आवाज येतो. रेकॉर्डिंगमध्ये तोही आहे.

"वाहनचालक-मालक संघटनेतर्फे श्रद्धांजली वाहतील…" गुरुजींनी यादीत पाहिलं, चष्मा वर केला. "…पुन्हा श्री. आदिनाथ."

मग चर्चच्या गायकवृंदातर्फे पुन्हा श्री. आदिनाथ. मग कांदा उत्पादक मित्रमंडळातर्फे पुन्हा श्री. आदिनाथ. मध्ये माजी सभापतींनी तीन मिनिटांची अकरा मिनिटं केली आणि 'ज्याने लॅटिन अमेरिकेत आपल्या तालुक्याचा झेंडा फडकवला' असं म्हणून डोळ्यांना रुमाल लावला. पाचव्या वेळी गुरुजींनी नुसतंच "पुन्हा" म्हटलं.

पाचवं गाणं अवघड होतं. त्यात आदिनाथने एक ओळ म्हणायची आणि गोरक्षने लगेच मागून 'कोराझोन!' अशी आरोळी द्यायची, अशी रचना होती. कोराझोन म्हणजे काळीज. अर्थ ठाऊक असलेल्या चौदा शब्दांपैकी हा पहिला. ती आरोळी कुणी द्यायची यावर दोघांचं चार दिवस वाजलं होतं. शांतवन म्हणाला मी देतो. आदिनाथ म्हणाला नको, जागा रिकामीच ठेव.

"कांद्याच्या चाळीत वारा आला," आदिनाथ म्हणाला, आणि थांबला.

नदीचा आवाज आला. लांब कुठंतरी बुंदीच्या घमेल्यावर झारा आपटला.

"वाऱ्यानं तुझा निरोप नेला," आदिनाथ म्हणाला, आणि थांबला. ही जागा त्याला पहिलीपेक्षा लांब वाटली.

"कोराझोन," बायकांतून आवाज आला.

आवाज सपाट होता. भाजीवाला आला म्हणून शेजारणीला हाक मारावी तसा. आदिनाथने वर पाहिलं. बनुबाई समोर बघत होती. पाच वर्षं ती चाळीच्या दारात बसून सडका कांदा निवडत आली होती, आणि कांद्यांबरोबर तिनेही सगळं ऐकलं होतं.

"पाणी सरलं, पाट सुकला…"

"कोराझोन."

शेजारच्या बायका एकदम तिच्याकडे धावल्या. एकीने डोकं मांडीवर घेतलं, दुसरीने पदराने वारा घातला. "रडू दे गं, रडू दे तिला. मोकळी होऊ दे. काय म्हनतीया बिचारी, कळंना बी झालंय." कडूबाई नावाच्या नणंदेने पाण्याचा तांब्या तिच्या तोंडाला लावला. बनुबाईने तांब्या बाजूला सारला, कारण पुढची जागा आली होती.

"तुझ्यावाचून सूर चुकला…"

"कोराझोन," ती मांडीतूनच म्हणाली. ताल बरोबर होता. गोरक्ष नेहमी अर्धी मात्रा घाई करायचा, ती करत नव्हती.

आदिनाथला पुढे गाता आलं नाही. उरलेलं गाणं नुसत्या गिटारवर गेलं, आणि प्रत्येक जागेवर मांडीत दाबून धरलेली एक म्हातारी ठरल्याप्रमाणे काळीज म्हणत राहिली.

सहाव्या गाण्यानंतर गुरुजींनी सगळ्यांना उभं केलं. दोन मिनिटं शांतता. शांतवनने रेकॉर्डर बंद केला नाही. ती दोन मिनिटंही अल्बममध्ये आहेत, सातव्या गाण्याच्या जागी.

पंगत बसली. आदिनाथ ताट घेऊन नुसताच लिंबाखाली बसला होता, तेव्हा बायकांच्या तावडीतून सुटून बनुबाई आली आणि त्याच्या शेजारी टेकली.

"जेव की."

"मावशी, लई लवकर आला ना कावळा?"

"यिनारच." ती इकडेतिकडे बघून आवाज खाली आणत म्हणाली, "रोजचं गिऱ्हाईक हाय माजं. तिसऱ्या दिवसापासनं येतीया हितं. सकाळच्या पारी, चपाती घिऊन. त्याच धोंड्यावर ठिवायचे. आधी भीत हुता. मग माजा पदर लांबनं दिसला तरी यायला लागला. वळन लावलं त्याला."

"पण का?"

"का म्हंजी? ह्याच्या बापाच्या दहाव्याला अडीच घंटं अडला हुता. जो उठंल त्यो पिंडापुढं जाऊन इचारायचा, काय राह्यलं रे तुजं? बनूनं काय कमी केलं का? उनात बसून ऐकलं म्या." तिने पदर डोक्यावर ओढला. "त्यो म्हातारा हुता, चाललं. ह्या लेकराला लोकांनी इचारत बसायचं, काय राह्यलं, काय राह्यलं… समदंच राह्यलं हुतं रे त्याचं. मला ऐकवलं नसतं ते."

मांडवात महाराज दुसऱ्या पंगतीला वासनामुक्तीच सांगत होते.

आदिनाथने ताट खाली ठेवलं. "मावशी, मी त्याला एक मेसेज केला होता."

"दावला हुता त्यानं. वाचून दावला."

"मग? काय म्हणाला?"

"काय न्हाई."

"काहीच नाही?"

"गप जेवला. दोन भाकरी खाल्ल्या."

आदिनाथने त्यावर बराच विचार केला. दोन भाकरी म्हणजे राग की माफी? रागावलेला माणूस जास्त खातो की कमी?

"एरवी किती खायचा?"

"दोनच," बनुबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आदिनाथ घाटावर गेला. नऊला सुप्याला कामावर हजर व्हायचं होतं, पहिलाच दिवस. पाठीवर सॅक, सॅकमध्ये डबा. आदल्या दिवसाची गर्दी, सतरंज्या, खुर्च्या सगळं गेलं होतं. पत्रावळी तेवढ्या उरल्या होत्या. धोंड्यावर त्याने डब्यातली भाकरी ठेवली, मागे झाला आणि खिशातला कागद काढला. 'अल्बम करतो,' असं त्यावर लिहिलेलं. पण अल्बम कालच झाला होता. त्याने कागदाची घडी घातली आणि परत खिशात ठेवला.

"गोरक्ष," तो म्हणाला, "मी आलोय."

कावळा लिंबाच्या फांदीवर होता. त्याने भाकरीकडे पाहिलं, आदिनाथकडे पाहिलं, फांदीला चोच पुसली आणि जागचा हलला नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. कावळा अडला होता.

मागून चपला वाजल्या. बनुबाई घाटाच्या वरच्या पायरीवर उभी होती, हातात रिकामा डबा.

"त्यो न्हाई खायचा आता," ती म्हणाली. "आत्ताच जेवलाय. चपाती दिली मी."

"पण दहावा तर झाला काल."

"व्हय. पर सवय लागली ना मला बी."

आदिनाथने कावळ्याकडे पाहिलं. कावळा पोट भरून सुस्त बसला होता. त्याच्या नकाराला कसलाच अर्थ नव्हता, हे आदिनाथला पक्कं ठाऊक होतं.

"परत भूक कधी लागते त्याला?"

"दुपार हुईल."

सॅकमध्ये फोन वाजायला लागला, वाजून वाजून बंद पडला. आदिनाथने सॅक पायरीवर ठेवली आणि धोंड्यापासून जरा लांब, कावळ्याला अडचण होणार नाही अशा बेताने, तो खाली बसला. बनुबाई दोन पायऱ्या उतरली आणि तीही बसली.